दुधाच्या दाताचे रूट कॅनाल : आत भरले काय जाते?

मीरा रोड किंवा भाईंदर स्थानकाबाहेरच्या रस्त्यांवर दंतवैद्यांच्या पाट्या शोधाव्या लागत नाहीत. कार्यालयातून परतलेले आई-वडील संध्याकाळी चार-पाच वर्षांच्या मुलाला घेऊन अशा एखाद्या दवाखान्यात पोहोचतात, तोवर दोन-तीन रात्री जागून झालेल्या असतात. दाढेत लवंग ठेवून झालेली असते, वेदनाशामक सिरपही देऊन झालेले असते. क्ष-किरण चित्र पाहून दंतवैद्य ‘रूट कॅनाल करावे लागेल’ असे सांगतात. त्यावर पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : पडणाऱ्याच दाताला रूट कॅनाल कशासाठी? त्याच्या मागोमाग येणारा दुसरा प्रश्न मात्र अधिक मोलाचा आहे आणि तो फारसा विचारला जात नाही. दाताच्या मुळात जे काही भरले जाणार आहे, त्याचे पुढे काय होते? हिरडीखाली वाढत असलेल्या कायमच्या दाताला त्याचा अपाय तर होत नाही ना?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. दुधाचे दात वीस. त्यांतले पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात, पण दुसरी दुधाची दाढ दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहते. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेला आणखी सहा-सात वर्षे घास चावायचा असतो. शिवाय ती जागा राखते. साधारण सहाव्या वर्षी तिच्या मागे पहिली कायमची दाढ येते; पुढची दाढ आधीच काढून टाकलेली असेल, तर ही नवी दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या उपदाढेची वाट अडते. किडलेला दात तसाच ठेवला, तर मुळाशी साचलेला पू खालच्या कोवळ्या अंकुरापर्यंत पोहोचू शकतो. मग कायमचा दात येतो तोच खड्डे पडलेला, पिवळट-तपकिरी. दंतवैद्यकात अशा दाताला ‘टर्नर टूथ’ म्हणतात. औषधाच्या अपायाची चर्चा करताना उपचार न करण्याचा हा अपाय विसरून चालत नाही. हा प्रश्न थोड्या मुलांचाही नाही. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ मधील राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते.

मोठ्यांचे औषध मुलांना का चालत नाही?

प्रौढांच्या दातातील मुळांच्या नळ्या साफ करून त्यांत गट्टा-पर्चा भरतात. मलाया द्वीपसमूहातील एका झाडाच्या चिकापासून मिळणारा हा रबरासारखा पदार्थ शरीरात विरघळत नाही, आणि प्रौढांच्या दातासाठी तोच त्याचा गुण आहे. दुधाच्या दातात तोच गुण दोष ठरतो. दुधाच्या दाताचे मूळ हे विरून जाण्यासाठीच असते. कायमचा दात वर सरकू लागला की शरीर ते मूळ हळूहळू खाऊन टाकते, आणि म्हणूनच पडलेल्या दुधाच्या दाताला मूळ जवळजवळ दिसत नाही. अशा मुळात गट्टा-पर्चा भरला, तर मूळ विरेल पण काडी तशीच राहील, तीही नेमकी नव्या दाताच्या वाटेत. याला एकच अपवाद आहे. काही मुलांच्या जबड्यात एखाद्या कायमच्या दाताचा अंकुर जन्मतःच नसतो. तेथे दुधाचा दात शक्य तितकी वर्षे टिकवायचा असल्याने गट्टा-पर्चा वापरता येतो. मात्र अंकुर नाही, हे आधी क्ष-किरण चित्रात पाहावे लागते.

तेव्हा दुधाच्या दातासाठी आदर्श पदार्थ कोणता? जो मुळाच्याच गतीने विरेल, मुळाबाहेर थोडा सांडला तरी अंकुराला इजा न करता नाहीसा होईल, जंतूंना वाढू देणार नाही, क्ष-किरण चित्रात दिसेल आणि दाताचा रंग बिघडवणार नाही. या साऱ्या कसोट्यांना उतरणारा पदार्थ अद्याप जगात कोठेही नाही. दंतवैद्य जे भरतात ती तडजोड असते, आणि ती दाताला आणखी किती वर्षे काढायची आहेत यावर ठरायला हवी.

लवंग, चुना आणि आयोडीन

सर्वांत जुना पदार्थ म्हणजे झिंक ऑक्साईड-युजेनॉल. जस्ताची पांढरी भुकटी आणि लवंगतेलातील युजेनॉल यांचा हा लगदा गेल्या शतकाच्या तिसाव्या दशकापासून मुलांच्या दातांत भरला जातो. दाढेत लवंग धरणाऱ्या आजीचे निदान अगदीच चुकीचे नव्हते म्हणायचे. हा लगदा घट्ट होतो, नळी नीट भरतो आणि टिकतो. त्याची अडचणही टिकण्याचीच आहे. तो मुळापेक्षा सावकाश विरतो. मुळाच्या टोकाबाहेर गेला तर आसपासच्या पेशींना चुरचुर लावतो, आणि दात पडल्यानंतरही त्याचे कण हिरडीत राहू शकतात. क्वचित कायमचा दात या लगद्याला वळसा घालून तिरका येतो, किंवा दुधाचा दात वेळेवर न पडल्याने तो काढावा लागतो.

दुसरा प्रकार म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साईड आणि आयोडोफॉर्म यांची तयार मलम. कॅल्शियम हायड्रॉक्साईड म्हणजे विरवलेला चुना, पानाला लावतात तोच. आयोडोफॉर्म हे आयोडीनयुक्त जंतुनाशक. सिलिकॉन तेलात कालवलेली ही मलम सिरिंजमध्ये भरून येते. जपानची व्हायटापेक्स आणि दक्षिण कोरियाची मेटापेक्स ही त्यातली परिचित नावे. नळीत ती सहज जाते, रडणाऱ्या मुलाला खुर्चीत फार वेळ बसवावे लागत नाही. मुळाबाहेर सांडलेली मलम शरीर काही आठवड्यांत ते महिन्यांत शोषून घेते, म्हणून अंकुराच्या दृष्टीने ती सौम्य मानली जाते. पण ती मुळाच्या आतही विरते आणि तेही मूळ विरण्याच्या आधी. काही महिन्यांनी काढलेल्या चित्रात नळी रिकामी दिसते, आणि रिकाम्या नळीत जंतू परतायला वेळ लागत नाही. आयोडोफॉर्ममुळे दाताला पिवळट छटाही येऊ शकते. मुलाला आयोडीनची ॲलर्जी असेल, तर ते आधी सांगणे अत्यावश्यक आहे.

या दोहोंचा मेळ घालणारे तिसरे मिश्रण असते. त्यात झिंक ऑक्साईड-युजेनॉल, आयोडोफॉर्म आणि कॅल्शियम हायड्रॉक्साईड एकत्र असतात. एन्डोफ्लास हे त्याचे उदाहरण. बाहेर सांडलेला भाग विरतो, आतला बराचसा टिकतो, असा त्याचा फायदा सांगितला जातो.

अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक डेंटिस्ट्रीने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, दीड वर्षाहून अधिक काळाचा हिशेब केला तर झिंक ऑक्साईड-युजेनॉल आणि हे तिहेरी मिश्रण आयोडोफॉर्मच्या मलमांपेक्षा अधिक यशस्वी ठरते. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यानेही व्हायटापेक्सपेक्षा झिंक ऑक्साईड-युजेनॉलला थोडे झुकते माप दिले, पण उपलब्ध पुरावा दुबळा असल्याची नोंदही केली. वर्षभरात पडणार असलेल्या पुढच्या दातात आयोडोफॉर्मची मलम चालून जाते. चार वर्षांच्या मुलाच्या दुसऱ्या दाढेत केवळ भरायला सोपी म्हणून तीच मलम भरणे मात्र तितके समर्थनीय नाही.

फॉर्मोक्रिसॉलचा वाद

पालक ज्याला सरसकट ‘रूट कॅनाल’ म्हणतात, ते पुष्कळदा रूट कॅनाल नसते. कीड वरच्या गरापर्यंतच पोहोचली असेल, तर फक्त तेवढा गर काढून खालचा जिवंत ठेवतात. याला पल्पोटॉमी म्हणतात. अनेक दशके या उपचारात फॉर्मोक्रिसॉल हे औषध वापरले गेले. त्याच्या मूळ सूत्रात १९ टक्के फॉर्मॅल्डिहाइड असते. पुढे ते पाचास एक या प्रमाणात पातळ करून वापरण्याची पद्धत आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मॅल्डिहाइडला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले आणि पालकांत भीती पसरली. ती समजण्यासारखी आहे, पण तिला मर्यादा आहेत. ते वर्गीकरण मुख्यतः दीर्घकाळ वाफ हुंगणाऱ्या कामगारांच्या अभ्यासावर आधारलेले होते. दातासाठी लागते ती कापसाच्या बोळ्याला लावलेली अत्यल्प मात्रा, तीही काही मिनिटे. अशा उपचाराने एखाद्या मुलाला कर्करोग झाल्याचे सिद्ध झालेले नाही.

तरीही, अधिक चांगला पर्याय हाती असताना वादग्रस्त औषध का वापरावे, हा प्रश्न उरतोच. तो पर्याय म्हणजे मिनरल ट्रायॉक्साईड ॲग्रिगेट, दंतवैद्यांच्या बोलीत एमटीए. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात १९९० च्या दशकात विकसित झालेले हे सिमेंट बांधकामाच्या पोर्टलंड सिमेंटचेच शुद्ध भावंड आहे. ओलाव्यातही ते घट्ट होते आणि गराशी जुळवून घेते. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात पल्पोटॉमीसाठी तेच सर्वांत परिणामकारक ठरले. दात काळसर पडणे आणि किंमत, हे त्याचे दोन दोष. बायोडेंटिनसारख्या नंतरच्या सिमेंटने पहिला बराच कमी केला. पल्पोटॉमीत नुसता चुना वापरण्याची जुनी रीत मात्र मागे पडली, कारण त्याने दुधाचे मूळ आतून पोखरले जाते असे दिसून आले.

मूळच अर्धे विरलेले आणि पू झालेला असेल, तर प्रतिजैविकांची मलम ठेवून दात वर्षभर तगवण्याचा मार्ग आहे. जपानमधील निगाता विद्यापीठात पुढे आलेल्या या मिश्रणात मूळचे एक औषध मिनोसायक्लिन होते. ते टेट्रासायक्लिन गटातले असून दातांवर डाग पाडते, म्हणून त्याऐवजी क्लिंडामायसिन वापरावे असे सुचवले जाते.

खुर्चीत बसण्यापूर्वी

दातात काय भरणार, हा दात किती वर्षे टिकवायचा आहे, खाली कायमचा अंकुर आहे का, हे तीन प्रश्न विचारण्यात संकोच नसावा. उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. भाडेकरार संपला की मीरा रोडहून नालासोपारा किंवा विरार गाठणारी कुटुंबे थोडी नाहीत. नव्या दंतवैद्याला आधीच्या दाढेत काय भरले आहे हे चित्र पाहून दर वेळी ओळखता येतेच असे नाही. वर स्टीलची टोपी बसवण्याचा सल्ला सहसा टाळू नये, कारण झिरपणाऱ्या भरणीखाली कोणतेही औषध टिकत नाही. त्या पोलादात निकेल असते, तेव्हा निकेलची ॲलर्जी असल्यास तसे सांगावे. टोपी दातासोबतच पडते. सहा महिन्यांनी तपासणी आणि दंतवैद्य सांगतील तेव्हा क्ष-किरण चित्र, एवढा पाठपुरावा हवा.

खासगी खर्च न झेपणाऱ्यांसाठी पश्चिम रेल्वेने मुंबई सेंट्रल गाठून मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय, किंवा सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय हे मार्ग आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी वसईच्या खाडीपलीकडे पालघरमध्येच झाला आणि त्याच्या तपासणी यादीत दंतरोगांचा समावेश आहे. मात्र ही तपासणी अंगणवाड्या आणि शासकीय-अनुदानित शाळांत होते. खासगी विनाअनुदानित शाळांतील मुलांच्या पालकांना स्वतःच लक्ष ठेवावे लागते.

उपचार झालेली दाढ बाराव्या वर्षाच्या आसपासही हलत नसेल, किंवा दुसऱ्या बाजूची पडून सहा महिने उलटले असतील, तर एकदा चित्र काढून घ्यावे. दाढ पडल्यावर हिरडीत एखादा पांढरा कण दिसला, तर घाबरून तो टोकरू नये. तो बहुधा राहिलेल्या झिंक ऑक्साईडचा असतो आणि पुढील काही वर्षांत आपोआप विरत जातो. सूज, पू किंवा तिरका येणारा दात दिसला, तरच दंतवैद्य तो काढतात.