केडगावची वाचनरीत

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगाव लागते. तेथील मुक्तिसदनाच्या छापखान्यातून 1924 साली एक मराठी बायबल बाहेर पडले. भाषांतरकर्त्या पंडिता रमाबाई तेव्हा हयात नव्हत्या. 5 एप्रिल 1922 रोजीच त्या गेल्या होत्या. आयुष्याची अखेरची पंधराहून अधिक वर्षे त्यांनी या कामाला दिली आणि त्यासाठी उतारवयाकडे झुकताना हिब्रू व ग्रीक शिकल्या.

मराठी बायबल तेव्हा उपलब्ध नव्हते असे नाही. सेरामपूरच्या मिशनऱ्यांनी 1811 साली, तर मुंबईच्या अमेरिकन मिशनने 1826 साली नवा करार मराठीत छापला होता. पुढे सुधारलेल्या आवृत्त्याही निघाल्या. मग त्याच ग्रंथासाठी पुन्हा एवढी उस्तवार कशाला? या प्रश्नाच्या उत्तरात कोणताही धर्मग्रंथ कसा वाचावा याचा धडा आहे, असे मला वाटते.

मी ख्रिस्ती नाही, माझ्याकडे धर्मशास्त्राची पदवीही नाही. भोसरी-चाकण पट्ट्यात तपासणी विभागात नोकरी करता करता वाचत गेलो, इतकेच. आमच्या कामात एक शिस्त असते. ड्रॉइंगवरचा रिव्हिजन नंबर पाहिल्याशिवाय जॉबला मायक्रोमीटर लावायचा नाही. माप अचूक असेल, पण ड्रॉइंग जुने असेल तर सगळी मेहनत वाया. ग्रंथाच्या बाबतीतही पहिला प्रश्न हाच असतो, की समोरचा पाठ कोणता?

मराठी माणसाला हा प्रश्न परका नाही. मोशीजवळ इंद्रायणी ओलांडून आम्ही चाकणला जातो. त्याच नदीच्या काठी एकीकडे देहू, दुसरीकडे आळंदी. ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ एकनाथांनी शके 1506 मध्ये शोधून दूर केले. तुकोबांच्या गाथेच्या हस्तलिखितांतले पाठभेद तपासून शंकर पांडुरंग पंडितांनी 1869 पासून तिची आवृत्ती काढली. या खटाटोपाने श्रद्धेला बाधा आली असे कुणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. उलट, जे प्रिय ते निर्भेळ हवे, ही श्रद्धेचीच मागणी होती.

बायबलचेही तसेच. जुना करार मुख्यतः हिब्रूत, काही भाग अरामीत. नवा करार ग्रीकमध्ये. लेखकांच्या हातच्या मूळ प्रती आज उरलेल्या नाहीत, आहेत त्या नकलांच्या नकला. योहानाच्या शुभवर्तमानात व्यभिचाराच्या आरोपाखाली धरून आणलेल्या स्त्रीची विख्यात कथा आहे. सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ती आढळत नाही, म्हणून आजच्या अनेक आवृत्त्या ती कंसात छापतात. याचा अर्थ ती फेकून द्यावी असा नव्हे. ती योहानाच्या ग्रंथात कशी आली आणि वाचकांनी तिला इतके जिवापाड का जपले, हे दोन प्रश्न वेगळे ठेवायचे, एवढाच अर्थ.

पाठानंतर शब्द. संस्कृतप्रचुर मराठी खेड्यातल्या साध्या बाईला कळत नाही आणि संस्कृत शब्द आपले जुने अर्थ बरोबर घेऊन येतात, ही रमाबाईंची तक्रार होती. पुराणे सांगत देशभर हिंडलेल्या अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या. शब्दाला चिकटलेला अर्थ किती चिवट असतो हे तिच्याहून अधिक कुणाला ठाऊक असणार?

एक उदाहरण आमच्या पट्ट्यातलेच देतो. इथे देशभरातून कामगार आले, सोबत आपापल्या भाषांतली बायबलेही आली. मत्तयाच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणारा योहान लोकांना एक हाक देतो. मराठी बायबल तिथे ‘पश्चात्ताप’ म्हणते. तमिळ बायबलातल्या शब्दाचा अर्थ मन वळवणे, मल्याळममध्ये ‘मानसांतर’, हिंदीत मन फिरवणे. ग्रीक शब्द आहे ‘मेतानोइया’, म्हणजे बुद्धीचा पालट. त्यामागे हिब्रू परंपरेतली ‘शूव’, म्हणजे मागे वळण्याची, परतण्याची कल्पना उभी आहे. ‘पश्चात्ताप’ चूक नाही, पण त्यात मागच्या कर्माची जळजळ अधिक आणि पुढची वाट कमी. मराठीत ‘मन फिरले’ म्हटले तर भलताच अर्थ होतो, म्हणजे हिंदीचा मार्गही आपल्याला बंद. जेवणाच्या सुट्टीत चार भाषांची चार बायबले शेजारी ठेवली, तर ग्रीक न येणाऱ्यालाही कळते की इथे शब्दाखाली काही दडले आहे.

योहानाच्या तिसऱ्या अध्यायातला निकदेमाचा संवाद याहून गमतीचा. येशू तिथे जो ग्रीक शब्द वापरतो, ‘आनोथेन’, त्याचे अर्थ दोन : ‘पुन्हा’ आणि ‘वरून’. निकदेम ‘पुन्हा’ एवढेच ऐकतो आणि म्हातारा माणूस आईच्या पोटात परत कसा शिरेल, असे विचारतो. संवादाची सारी गंमत या श्लेषावर आहे. मराठी वाचकाच्या कानात तर तिसराच अर्थ वाजतो, तो पुनर्जन्माचा. तो मूळ संवादात नाही. आपल्या कानात आधीच काय वाजते आहे हे ओळखणे, हाही वाचनाचाच भाग.

मात्र परिचित शब्द नेहमीच घात करतात असे नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये गोव्यात राचोल येथे छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त स्वर्गाला सरळ ‘वैकुंठ’ म्हटले. नारायण वामन टिळक तर तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे सांगत. ओळखीच्या शब्दाशिवाय परका ग्रंथ घरात येत नाही, आणि ओळखीचा शब्द त्याला पूर्ण परका राहू देत नाही. स्टीफन्सनी दार उघडले, रमाबाईंनी उंबऱ्यावर उभे राहून आत काय येते ते तपासले. दोन्ही कामे लागतात.

यानंतर प्रश्न उरतो तो अधिकाराचा. रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. पुढच्याच वर्षांत त्यांचे तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून खटके उडू लागले. त्रैक्याच्या सिद्धांताबद्दल त्यांनी शंका घेतल्या. क्रॉसवर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असे विचारले. चेल्टनमच्या महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असा आग्रह बिशपांनी धरला, तोही त्यांना रुचला नाही. सूत्र एकच होते : ग्रंथ मी स्वतः वाचीन आणि माझी सदसद्विवेकबुद्धी कुणाकडे गहाण ठेवणार नाही.

हा नुसता हट्ट नव्हता. स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे, हे पौलाचे वचन करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात आहे. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात स्त्रिया प्रार्थना करतात, संदेश देतात, हे गृहीत धरले आहे. एकच वाक्य उचलणाऱ्याला बाईला गप्प बसवता येते. पूर्ण पत्र वाचणाऱ्याला आधी थांबून विचार करावा लागतो. मोबाइलवर सुटी वचने फिरण्याच्या काळात हे थांबणे अधिकच गरजेचे. गीता, कुराण, गाथा, कुणाचीही यातून सुटका नाही.

‘मी स्वतः वाचीन’ हे म्हणणे सोपे आहे. त्याची किंमत रमाबाईंनी चुकती केली. दोन परक्या भाषा शिकल्या, शब्दन् शब्द मुळाशी ताडून पाहिला. मुळाला धरून राहण्याच्या आग्रहापायी त्यांचे मराठी काही ठिकाणी अवघडलेही. पण स्वातंत्र्याबरोबर मेहनतीची जबाबदारी येते, हे त्यांनी मान्य केले होते. शिवाय हे सारे कुणा पंडितासाठी नव्हते. ज्या बायकांनी कधी अक्षर पाहिले नव्हते, त्यांना मुक्तिसदनात लिहावाचायला शिकवले जाई, आणि या ग्रंथाचे खिळे जुळवण्याचे, छपाईचे काम तिथल्या स्त्रियांच्याच हातून झाले. स्त्रीला वेदांचा अधिकार नाही असे ऐकत मोठ्या झालेल्या रमाबाईंनी दुसऱ्या एका धर्मग्रंथाचा अधिकार शिशाच्या अक्षरांच्या रूपाने बायकांच्या हाती दिला.