चाचणी-फाइलींची स्वयंचलित नियमतपासणी
सॉफ्टवेअरच्या चाचणीसाठी लिहिलेल्या फाइली लेखननियम पाळतात की नाही, हे दुसऱ्या प्रोग्रॅमकडून तपासून घेण्याची पद्धत. यात चाचणी चालवली जात नाही, तिचा मजकूर फक्त वाचला जातो. म्हणून ही तपासणी वरवरची, असा आक्षेप घेतला जातो. पण रूपाच्या तपासणीचे मोल आधार क्रमांकाच्या उदाहरणावरून कळते. त्याच्या बारा अंकांतला शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून व्हरहूफ पद्धतीने काढलेला असतो. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर चूक हमखास पकडली जाते. क्रमांक कोणाचा, हे तो अंक सांगत नाही. तरी अर्ज भरतानाची चूक तिथल्या तिथे अडवता येते.

चाचणी-फाइलीत रूपाच्या तपासणीची गरज अधिक निकडीची, कारण तिची चाचणी सहसा कोणी लिहीत नाही. आधार क्रमांक तपासणाऱ्या फंक्शनला चुकीचा क्रमांक दिला, पण उत्तर ‘अवैध’ आले का हे पाहणारी ओळच राहून गेली, तर चाचणी कायम उत्तीर्ण दिसते. ईएसलिंटसारख्या साधनाला नियम जोडून दिला, की अशी पोकळ चाचणी लगेच उघडी पडते. ओळ आहे पण अपेक्षित उत्तरच चुकीचे लिहिले आहे, हे मात्र सहकाऱ्यालाच वाचून ओळखावे लागते.