के-९ वज्र

के-९ वज्र : (वज्र-टी). भारतीय तोफखान्यातील १५५ मिमी., ५२ कॅलिबरची, पोलादी पट्ट्यांच्या गाड्यावर बसवलेली स्वयंचालित तोफ. मूळ आराखडा दक्षिण कोरियाच्या के-९ ‘थंडर’ या तोफेचा. भारतातील निर्मिती लार्सन अँड टुब्रो या कंपनीच्या हजिरा (सुरत) येथील कारखान्यात. ‘स्वयंचालित’ म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणारी, आपोआप गोळे झाडणारी नव्हे. वर्तमानपत्रे हिला सर्रास रणगाडा म्हणतात, तेही चूक. रणगाडा समोर दिसणाऱ्या लक्ष्यावर सरळ मारा करतो आणि उलट मारा सोसण्यासाठी त्याचे चिलखत जाड असते. ही तोफ आघाडीच्या बरीच मागे उभी राहून नजरेआडच्या लक्ष्यावर उंच कमानीने गोळा टाकते. तिचे चिलखत त्या मानाने पातळ असते.

विकास : दक्षिण कोरियाची संरक्षण संशोधन संस्था आणि सॅमसंग उद्योगसमूह यांनी १९८९ मध्ये काम हाती घेतले. पहिला नमुना १९९६ मध्ये तयार झाला व १९९९ मध्ये तोफ सेवेत आली. सॅमसंगचा हा विभाग पुढे हान्व्हा समूहाकडे गेला.

रचना : नळीची लांबी व्यासाच्या ५२ पट, म्हणजे सुमारे ८ मी. नळी लांब असली की दारूच्या वायूंचा रेटा गोळ्यामागे जास्त वेळ टिकतो व गोळा अधिक वेगाने बाहेर पडतो. ३९ कॅलिबरच्या बोफोर्स तोफेपेक्षा पल्ला वाढतो तो मुख्यतः यामुळे. मूळ के-९ चे वजन ४७ टन, वज्रचे सुमारे ५० टन. जर्मन बनावटीचे १,००० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन पुढच्या भागात, बुरूज मागच्या भागात. रस्त्यावरील कमाल वेग ताशी ६७ किमी. चाकांना तेल व वायूच्या दाबावर चालणारी निलंबनव्यवस्था असल्याने गोळा सुटतानाचा धक्का गाडा स्वतःच पचवतो; मागे फाळ रोवावा लागत नाही. फाळ रोवण्यात आणि उपसण्यात जाणारा वेळ वाचतो, ही बाब पल्ल्याच्या आकड्याइतकीच मोलाची आहे.

गोळा भरणे : चालक, तुकडीप्रमुख, नेमबाज व दोन भरणारे असे पाच जण. गाड्यात ४८ गोळे मावतात. गोळा यंत्राने भरणतबकावर येतो व यंत्रच तो नळीत ठासते; त्यामागची दारू मात्र माणूस हाताने ठेवतो. यंत्राने ठासण्याचा फायदा केवळ वेगाचा नाही. गोळ्याभोवतीचे तांब्याचे कडे नळीतील आट्यांत दर वेळी सारख्याच जोराने बसले, तर गोळे सारख्या वेगाने सुटतात व जवळजवळ पडतात. दमलेल्या माणसाच्या हाताला रात्री तीन वाजता हे साधत नाही. दारूही यंत्राने भरण्याची सोय के-९ए२ या पुढच्या आवृत्तीसाठी राखली आहे.

मारा : चालती तोफ थांबल्यापासून पहिला गोळा सुमारे ६० सेकंदांत, उभ्या तोफेतून ३० सेकंदांत. सुरुवातीच्या झपाट्यात १५ सेकंदांत तीन गोळे. मग तीन मिनिटे दर मिनिटाला सहा ते आठ, दीर्घ माऱ्यात दोन-तीन. नळीचा कोन व दारूचे माप बदलत लागोपाठ सोडलेले गोळे एकाच वेळी लक्ष्यावर उतरवता येतात : पहिला उंच, लांब वाटेने, शेवटचा बुटक्या, जवळच्या वाटेने. पुढची सलामी पडण्याआधी आडोसा घेण्याची सवड त्यामुळे शत्रूला मिळत नाही. शत्रूचे रडार गोळ्याच्या वाटेवरून तोफेची जागा शोधते, म्हणून मारा संपताच जागा सोडावी लागते. पल्ला गोळ्यानुसार बदलतो : साध्या गोळ्याने सुमारे १८ किमी., बुडातून वायू सोडणाऱ्या गोळ्याने सुमारे ४०. नुसता मोठा आकडा छापणाऱ्या माहितीपत्रकांनी हा भेद पुसून टाकला आहे.

संरक्षण : १४.५ मिमी. गोळी व तोफगोळ्यांच्या ठिकऱ्या यांपासून.

युद्धातील वापर : २३ नोव्हेंबर २०१० रोजी उत्तर कोरियाने योनप्यॉंग बेटावर सुमारे १७० गोळे टाकले, दक्षिण कोरियाचे दोन मरीन सैनिक व दोन नागरिक ठार झाले. बेटावर सहा के-९ होत्या. एकीच्या नळीत सरावातला गोळा अडकलेला होता, दोन माऱ्यात बिघडल्या. पहिले उत्तर उरलेल्या तिघींनी सुमारे १३ मिनिटांनी दिले. रडारला शत्रूच्या तोफा सापडल्या नाहीत, म्हणून पहिली सलामी आधीपासून ठाऊक असलेल्या, उत्तर कोरियाच्या मुडो बेटावरील तळावर गेली. एकूण ८० गोळे सुटले; त्यांच्या परिणामाविषयी एकमत नाही. तोफ कितीही चपळ असली तरी रडार आंधळे झाले की ती अंदाजाने लढते, हे येथे दिसले. पोलंडच्या ‘क्रॅब’ तोफेखाली के-९ चाच गाडा आहे (बुरूज ब्रिटिश आराखड्याचा). ती २०२२ पासून युक्रेनच्या युद्धात आहे.

भारतात : विजयंता रणगाड्याच्या गाड्यावर १३० मिमी. तोफ बसवून केलेली ‘कॅटापुल्ट’ जुनी झाल्यावर वाळवंटी भागासाठी नव्या तोफेचा शोध सुरू झाला. चाचण्यांत रशियन ‘म्स्ता’ मागे पडली. २०१७ मध्ये १०० तोफांचा, सुमारे ४,५०० कोटी रुपयांचा करार झाला. पहिल्या दहा कोरियाहून आलेल्या सुट्या भागांतून जोडल्या, बाकीच्या बहुतांशी येथे घडवल्या. सुटे भाग पुरवणाऱ्यांत महाराष्ट्रातील लहान उद्योगही आहेत. नाशिकजवळच्या देवळाली येथे ९ नोव्हेंबर २०१८ रोजी संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांच्या उपस्थितीत वज्र व एम-७७७ या दोन्ही तोफा सेनेत दाखल झाल्या. शंभरावी तोफ १८ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांनी हजिऱ्याहून रवाना केली. वाळवंटासाठी घेतलेली ही तोफ त्याच वर्षी लडाखमध्ये तैनात झाली. पुढील खरेदीचा ७,६२८.७० कोटी रुपयांचा करार २० डिसेंबर २०२४ रोजी झाला.