आकड्यांत लपलेली माणसे

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या. या एका आकड्यात मुंबईचे चाकरमानी आहेत, आखातात कमावणारे बाप आणि मुलगे आहेत, मागे घर सांभाळणाऱ्या बायका आहेत. एकाचेही नाव न घेता आकडा एवढे सांगून जातो.

नाव गुप्त राहावे म्हणून कायदाही आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार कोणाची वैयक्तिक नोंद पाहण्याचा हक्क कोणालाही नाही. त्या कायद्याखालचे गुन्हे वगळता ती पुरावा म्हणूनही चालत नाही.

पण नाव झाकले म्हणजे माणूस झाकला जातो का? समजा, एका वाडीत मुसलमानांचे एकच घर आहे, बाकी सारी हिंदूंची. 'वाडीत शाळा सोडलेल्या मुली किती?' उत्तर, पाच. 'त्यांत हिंदू किती?' उत्तर, चार. वजाबाकी करा, पाचवी मुलगी कोणत्या घरची, हे सर्वांना कळले.

२००६ साली सिंथिया ड्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर गणिती उपाय मांडला. प्रत्येक उत्तरात मोजूनमापून थोडी चूक मिसळायची आणि एकूण किती प्रश्नांना उत्तरे द्यायची यालाही मर्यादा घालायची. जिल्ह्याच्या आकड्याला धक्का लागत नाही, पण एका घराविषयी कोणी खात्रीने बोलू शकत नाही. अमेरिकेने २०२० च्या जनगणनेत ही पद्धत वापरली.

त्याच अमेरिकेचा जुना अनुभव मात्र वेगळा धडा देतो. १९४२ मध्ये जपानी वंशाचे लोक कोणत्या वस्तीत किती, याचे तक्ते जनगणना खात्याने लष्कराला पुरवले. सुमारे १ लाख २० हजार लोक छावण्यांत डांबले गेले. त्या तक्त्यांत नावे नव्हती. नावांची गरजच नव्हती, वस्ती पुरेशी होती. गणित एका माणसाला झाकते. अख्ख्या मोहल्ल्याला झाकत नाही. तिथे कायदा आणि सरकारची नियतच लागते.

मग मोजणीच नाकारावी का? मुळीच नाही. २००६ च्या सच्चर समितीने मुसलमानांचे मागासलेपण दाखवले ते जनगणनेसारख्या सरकारी आकड्यांच्याच आधारे. आकडा नसेल तर मागणीलाही आधार नाही.

आता २०२७ ची जनगणना मोबाइलवर होणार आहे. प्रगणक दारात आला की खरी उत्तरे द्या. पण वाडी-मोहल्ल्यापर्यंतचे आकडे कोणाला आणि कशासाठी मिळणार, हेही विचारा. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजीच सांगितले आहे.