वणव्यानंतरची नदी : आर्कान्सा हेडवॉटर्सची वाटचाल

आर्कान्सा नदी कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वताच्या कुशीत लेडव्हिल गावाजवळ उगम पावते आणि चार राज्यांतून वाहत जाऊन मिसिसिपीला मिळते. तिचा लेडव्हिलपासून प्वेब्लो जलाशयापर्यंतचा १५२ मैलांचा पट्टा आज ‘आर्कान्सा हेडवॉटर्स रिक्रिएशन एरिया’ या नावाने ओळखला जातो. अमेरिकेत सर्वाधिक व्यावसायिक राफ्टिंग चालणाऱ्या नद्यांत तिची गणना होते. पाणी चांगले असेल त्या वर्षी दोन लाखांच्या आसपास पर्यटक राफ्टिंग कंपन्यांबरोबर या प्रवाहात उतरतात. हा सारा व्याप सांभाळणाऱ्या संस्थेचे कार्यालय सलाइडा या छोट्या गावात, नदीकाठीच आहे. विशेष म्हणजे ज्या जमिनीवर संस्थेचे काम चालते, त्यातील बहुतेक जमीन तिच्या मालकीची नाही. कुठे केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची जमीन, कुठे राष्ट्रीय वन, कुठे राज्याचे क्षेत्र, मध्येच खासगी कुरणे आणि काठाकाठाने गेलेला रेल्वेचा मार्ग, असे हे तुकड्यातुकड्यांचे खोरे आहे. संस्था उभी आहे ती करारांवर.

या खोऱ्याला भांडणाचा इतिहास जुना. १८७८ ते १८८० या काळात रॉयल गॉर्ज या अरुंद घळीतून रूळ कोणी टाकायचे यावरून दोन रेल्वे कंपन्या शस्त्रे घेऊन समोरासमोर उभ्या ठाकल्या होत्या. लेडव्हिलच्या खाणींनी आधी सोने दिले, मग चांदी, आणि त्याबरोबर नदीत जड धातूंचे विषही सोडले. ते इतके, की १९८३ मध्ये तेथील कॅलिफोर्निया गल्चचा परिसर देशातील सर्वांत प्रदूषित स्थळांच्या केंद्रीय यादीत घालावा लागला. अशा नदीवर नौकानयनाची हौस रुजली ती १९४९ मध्ये. त्या वर्षी सलाइडा ते कॅन्यन सिटी अशी ५७ मैलांची शर्यत झाली. अनेकांनी नावा घातल्या, पण शेवट गाठला तो फक्त दोघा स्विस नावाड्यांनी. आजही दर जूनमध्ये ‘फायबार्क’ या नावाने तो उत्सव भरतो.

सत्तरच्या दशकात रबरी राफ्ट आल्या आणि हौसेचा धंदा झाला. ऐंशीच्या दशकात तर उन्हाळ्याच्या सुट्टीत नदीवर रांगा लागू लागल्या. मासे धरणारे राफ्टवाल्यांवर चिडले, स्वतःची नाव घेऊन येणारे कंपन्यांवर चिडले, आणि काठावरच्या जमीनमालकांच्या कुंपणात शिरणारे लोक सर्वांच्याच तक्रारीचा विषय झाले. गाड्या कुठे लावायच्या, शौचाची सोय कुठे करायची, एका दिवशी किती राफ्ट सोडायच्या, हे ठरवणारे एकच असे कोणी नव्हते. १९८९ मध्ये ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट आणि कोलोरॅडोचे उद्यान खाते यांनी सहकार्याचा करार केला. त्या करारातून ही संस्था जन्माला आली. जमीन केंद्राची, रोजचा कारभार राज्याच्या रेंजरांचा, अशी ही विभागणी होती. पुढे वन खाते आणि वन्यजीव खाते यांचाही हातभार लागला. २०११ मध्ये राज्याची उद्यान व वन्यजीव खाती एकत्र झाली आणि संस्था ‘कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ’च्या छत्राखाली आली.

पहिली वर्षे नियम बसवण्यात गेली. नदीचे भाग पाडण्यात आले. प्रत्येक भागात व्यावसायिक किती आणि खासगी किती, याची मर्यादा ठरली. कंपनीला परवाना सक्तीचा झाला आणि उत्पन्नातील ठरावीक हिस्सा संस्थेकडे भरणे आले. त्याच पैशातून नावा पाण्यात सोडण्याचे उतार, शौचालये, वाहनतळ बांधले गेले. राज्याच्या नियमानुसार गाइडला नदीवर किमान ५० तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. रॉयल गॉर्जमध्ये प्रवाह ३,२०० क्युसेकच्या वर गेला की संस्था राफ्ट न सोडण्याचा सल्ला देते. नागरिकांची एक सल्लागार समितीही नेमण्यात आली. तिच्यात राफ्टिंग व्यावसायिक, खासगी नावाडी, मासेमार, जमीनमालक, पाणी वापरणारे आणि पर्यावरणाची बाजू मांडणारे एका टेबलाशी बसतात. पूर्वी जी भांडणे काठावर होत, ती आता सभेत होऊ लागली. हे यश लहान नव्हे.

पाण्याचा करार हा या वाटचालीतील सर्वांत चतुर टप्पा मानावा लागेल. ही नदी बर्फावर जगते. जूनमध्ये ती फुगते आणि जुलैत झपाट्याने ओसरते, नेमकी पर्यटकांची गर्दी असताना. वर मात्र ट्विन लेक्स आणि टर्क्वाइज या जलाशयांत फ्रायिंगपॅन–आर्कान्सा प्रकल्पाचे पाणी साठवलेले असते. अध्यक्ष केनेडी यांनी १९६२ मध्ये मंजूर केलेल्या या प्रकल्पातून पर्वताच्या पश्चिम उताराचे पाणी पूर्वेकडे आणले जाते आणि ते पुढे शेती व शहरांकडे जायचेच असते. नव्वदच्या दशकाच्या आरंभी सर्वांनी मिळून ठरवले की हे पाणी अशा बेताने सोडायचे, की १ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात वेल्सव्हिलच्या मापन केंद्रावर शक्य तोवर ७०० क्युसेक प्रवाह राहील. त्यासाठी १० हजार एकर-फूट पाण्याचा हिशेब धरला गेला. १५ ऑगस्टनंतर प्रवाह माशांच्या हिताने ठेवायचा. कोणावरही सक्ती नाही, म्हणून नाव पडले ‘ऐच्छिक प्रवाह व्यवस्थापन’. सक्ती नसलेला हा करार तीन दशके टिकला, याचे श्रेय पाणीपुरवठा मंडळांना, मासेमार संघटनांना आणि राफ्टिंग व्यावसायिकांना सारखेच जाते.

खरी परीक्षा आगीने घेतली. २००२ हे वर्ष कोलोरॅडोच्या स्मरणातून जाणार नाही. बर्फ फार कमी पडले होते. जूनच्या आरंभी कॅन्यन सिटीच्या नैऋत्येला आयर्न माउंटनचा वणवा लागला. ८ जूनला डेन्व्हरच्या दक्षिणेला हेमनचा वणवा पेटला आणि १ लाख ३८ हजार एकरांचे रान खाऊन गेला. सारे राज्यच जळते आहे, अशा अर्थाचे राज्यपालांचे उद्गार देशभर प्रसिद्ध झाले. त्यानंतर आरक्षणे रद्द होऊ लागली. हेमनची आग आर्कान्सापासून दूर होती, नदी वाहत होती, राफ्ट काठावर तयार होत्या, पण लोक आले नाहीत. त्या वर्षी राज्यातील व्यावसायिक राफ्टिंग सुमारे ४० टक्क्यांनी घटले. हंगाम अवघा तीन महिन्यांचा. त्यात पोट भरणाऱ्या गाइडांवर, बसचालकांवर, खानावळींवर काय प्रसंग आला असेल याची कल्पना करता येते. वणवा नदीला शिवलाही नाही तरी अर्धवट बातमी तिचे नुकसान करू शकते, हा धडा तेव्हा मिळाला. ‘कोलोरॅडोत आग’ आणि ‘नदीचा अमुक मैल ते अमुक मैल बंद’ या दोन बातम्यांत एका हंगामाचे अंतर असते.

११ जून २०१३ रोजी आग प्रत्यक्ष दारात आली. रॉयल गॉर्जच्या परिसरात दुपारी पेट घेतलेल्या वणव्याने वाऱ्याच्या जोरावर घळ ओलांडली. नदीपासून ९५५ फूट उंचीवर असलेला १९२९ मधील झुलता पूल बचावला, त्याच्या काही लाकडी फळ्याच तेवढ्या जळाल्या. परंतु पुलाभोवतीच्या उद्यानातील ५२ पैकी ४८ इमारती भस्मसात झाल्या. एकूण ३,२१८ एकर क्षेत्र जळाले. त्याच दिवशी कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळ ब्लॅक फॉरेस्टची आग लागली, तिने पाचशेवर घरे गिळली, आणि देशाचे लक्ष पुन्हा एकदा कोलोरॅडोच्या धुराकडे लागले. या वेळी रॉयल गॉर्जचा पट्टा बंद झाला, पण नदी बंद झाली नाही. वरच्या बाजूला ब्राउन्स कॅन्यन, बिगहॉर्न शीप कॅन्यन येथे राफ्ट सुटत राहिल्या. घळीतील कंपन्यांनी आपले पाहुणे तिकडे वळवले. आग आटोक्यात येताच काही दिवसांत घळही खुली झाली. काठावरचे उद्यान मात्र पुरते सावरायला ऑगस्ट २०१४ उजाडला.

नदी भागाभागांत वाटून तिचा कारभार करण्याची पद्धत १९८९ पासूनची, गर्दी आवरण्यासाठी योजलेली. वणव्याच्या दिवसांत तीच ढाल ठरली. प्रत्येक भागाची हद्द, उतरण्याची आणि बाहेर पडण्याची जागा, परवानाधारकांची यादी हाताशी असल्यामुळे नेमका धोक्याचा तुकडा वेगळा काढता आला.

वणवा विझला म्हणजे नदीचे संकट संपले असे होत नाही. बऱ्याचदा ते तेव्हा सुरू होते. तीव्र आगीत झाडाझुडपांतील मेणासारखी द्रव्ये वाफ होऊन मातीत उतरतात आणि खाली थंड होऊन थर धरतात. मग पाऊस मुरत नाही, सरळ वाहून जातो. उतारावर गवत नाही, मुळांची पकड नाही. जुलै-ऑगस्टमधील वादळी पावसाची एखादी सर अर्धा तास पडली तरी ओढा राख, चिखल, दगड आणि जळकी खोडे घेऊन नदीत कोसळतो. पाणी काळे होते, मासे गुदमरतात. प्रवाहात आडवे अडकलेले झाड राफ्टवाल्यासाठी खडकापेक्षा घातक असते, कारण पाणी फांद्यांमधून निघून जाते आणि माणूस तिथेच दाबला जातो. ओढ्याच्या मुखाशी नवे दगड येऊन पडले तर वर्षानुवर्षांच्या ओळखीचा द्रुतप्रवाह एका रात्रीत बदलतो, आणि गाइडला आपल्याच नदीचे वाचन नव्याने करावे लागते.

८ जुलै २०१६ रोजी नदीकाठच्या कोलडेल गावाच्या दक्षिणेला, सांग्रे दे क्रिस्तो पर्वतरांगेत, वीज पडून हेडन पासचा वणवा लागला. १६,७५४ एकर जळाले. जळालेल्या उतारांचे पाणी वाहून आणणारा हेडन क्रीक हा ओढा कोलडेलपाशीच आर्कान्साला मिळतो. त्यामुळे येथे प्रश्न ज्वाळांइतकाच पुढच्या पावसाचा होता. अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षण संस्थेने कोणत्या ओढ्यातून दगडमातीचे लोंढे येऊ शकतील याचे अंदाज मांडले. हवामान खात्याने जळालेल्या क्षेत्रासाठी वेगळे पूरइशारे देण्यास सुरुवात केली. राखेचे काळे लोंढे खरोखरच आले. डोंगरात ढग जमलेले दिसले की खाली निळ्या आकाशाखाली वल्हवणाऱ्या राफ्टनेही सावध राहायचे, ही शिस्त अंगी बाणवावी लागली.

त्याच आगीच्या दिवसांतील एक प्रसंग नोंदवलाच पाहिजे. हेडन क्रीकमध्ये कटथ्रोट ट्राउट माशांचा एक अत्यंत दुर्मीळ वाण होता. १८८९ मध्ये ट्विन लेक्स येथून गोळा करून संग्रहालयात जपलेल्या नमुन्यांशी त्याचे आनुवंशिक नाते जुळत होते. आग पुरती विझलेली नसताना वन्यजीव विभागाचे कर्मचारी ओढ्यात उतरले आणि त्यांनी १९४ मासे बाहेर काढले. त्यांपैकी १५८ रोअरिंग ज्यूडीच्या मत्स्यबीज केंद्रात नेण्यात आले आणि ३६ फ्लॉरेन्सजवळच्या न्यूलिन क्रीकमध्ये सोडण्यात आले. राफ्टिंगचे परवाने देणारे आणि हे मासे उचलणारे हात एकाच खात्याचे आहेत, ही २०११ मधील विलीनीकरणाची एक उजळ बाजू.

दरम्यान नदीची प्रतिष्ठा वाढत होती. खाणींचे पाणी शुद्ध करण्याच्या दीर्घ प्रयत्नांना यश आले आणि जानेवारी २०१४ मध्ये तिच्या १०२ मैलांना ट्राउटसाठीच्या सर्वोत्तम पाण्याचा, ‘गोल्ड मेडल’चा दर्जा मिळाला. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी अध्यक्ष ओबामा यांनी ब्राउन्स कॅन्यन परिसरातील २१,५८६ एकर क्षेत्र राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केले. त्यामागे ‘फ्रेंड्स ऑफ ब्राउन्स कॅन्यन’च्या कार्यकर्त्यांची आणि राफ्टिंग व्यावसायिकांची अनेक वर्षांची खटपट होती. सिनेटर मार्क युडॉल यांनी संसदेत त्यासाठी आग्रह धरला होता.

८ सप्टेंबर २०१९ रोजी सलाइडाच्या दक्षिणेला डेकरचा वणवा लागला. ऑक्टोबरमध्ये तो गावाच्या दिशेने सरकला, घरे रिकामी करावी लागली आणि ८,९५९ एकर जळाले. राफ्टिंगचा मोठा हंगाम तोवर उरकला होता. पण संस्थेच्या कार्यालयातून दिसणारे डोंगरच या वेळी पेटले होते, आणि पुढच्या उन्हाळ्यातील ओढ्यांची चिंता शरद ऋतूतच सुरू झाली. ही चिंता अनाठायी नसते, हे राज्याच्या उत्तरेकडील पूद्र नदीने दाखवून दिले. २०२० मध्ये तेथे कॅमेरॉन पीकचा वणवा लागला, राज्याच्या इतिहासातील सर्वांत मोठा, दोन लाख एकरांहून अधिक. त्यानंतर २० जुलै २०२१ रोजी ब्लॅक हॉलो या घळीतून आलेल्या लोंढ्याने घरे वाहून नेली आणि चार जणांचा बळी घेतला.

आज संस्थेचा दिनक्रम ऋतूंना बांधलेला आहे. हिवाळ्यात वरच्या डोंगरांतील बर्फाची मोजदाद होते. वसंतात गाइडांची प्रशिक्षणे चालतात आणि रेंजर नदीची पाहणी करतात. वाळके गवत आणि वारा यांचा अंदाज घेऊन आगीचे निर्बंध जाहीर होतात. मुक्कामी राफ्टिंग करणाऱ्यांना शेकोटीसाठी लोखंडी पात्र नेणे आणि राख परत आणणे बंधनकारक आहे. जुलै लागला की वेल्सव्हिलच्या आकड्याबरोबर हेडन आणि डेकरच्या उतारांवरील ढगांकडेही लक्ष ठेवले जाते. रेंजर, गाइड, बसचालक, जलाशयाचे दार उघडणारा अभियंता, हवामान खात्याचा अंदाजकार आणि स्वयंसेवक अग्निशमन दलाचे जवान यांच्यापैकी कोणा एकावर ही नदी चालत नाही. सल्लागार समितीच्या सभा मात्र पूर्वीसारख्याच चालतात, आणि प्रवाह किती असावा यावर मासेमार व राफ्टवाले अजूनही एकमेकांशी वाद घालतात.