पालथ्या परातीची गोष्ट

गवत कापण्याच्या यंत्राचा इतिहास बागेतून सुरू होत असेल, असं कुणालाही वाटेल. तो सुरू होतो कापडाच्या गिरणीत. म्हणूनच मागवाल्यांच्या घरात जन्मलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्याविषयी दोन शब्द बोलावेसे वाटतात.

अमेरिकन सिनेमात तुम्ही ते दृश्य पाहिलं असेल. घरामागे मोठं अंगण, आणि छोट्या ट्रॅक्टरसारख्या गाडीवर बसून गवत कापणारा घरमालक. त्या गाडीच्या पोटाखाली पालथ्या परातीसारखा एक भाग टांगलेला असतो. त्याला डेक म्हणतात. पाती या परातीच्या आत फिरतात, बाहेरून ती दिसत नाहीत. माझा भाचा ओहायोत असतो. तिकडे घर घेतलं की गवतही गळ्यात पडतं. त्याने एकदा फोनवर विचारलं, ‘‘मामू, दुकानात दोन तऱ्हेचे डेक आहेत. एक एकाच पत्र्यातून दाबून काढलेला, दुसरा तुकडे वेल्डिंग करून जोडलेला. दुसऱ्याला पैसे जास्त. कुठला घेऊ?’’ मी कवी माणूस, बी.ए.पर्यंत शिकलेला. यंत्रातलं मला काय कळणार? पण प्रश्न डोक्यात राहिला आणि उत्तर शोधता शोधता मी थेट दोनशे वर्षं मागे गेलो.

इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड नावाचं गाव आहे. तिथल्या खोऱ्यात ओढ्यांच्या पाण्यावर लोकरी कापडाच्या गिरण्या चालत. लोकरी कापड विणून झालं की त्यावरची लव उभी करायची आणि ती एकसारखी कातरायची. असं केलं की बनात मखमलीसारखी दिसे. हे काम करणाऱ्या कारागिरांना इंग्लंडच्या उत्तरेत ‘क्रॉपर’ म्हणत. त्यांची कात्री पंधरा-वीस किलोंच्या घरातली असायची. ती वर्षानुवर्षं पेलून मनगटावर घट्टा पडे आणि त्या घट्ट्यावरून माणूस क्रॉपर आहे हे ओळखू येई. मागावर बसणाऱ्याची, रंगाऱ्याची खूण आमच्या इचलकरंजीतही अशीच अंगावर दिसायची. माझ्या अब्बांच्या बोटांची टोकं सुताने गुळगुळीत झालेली होती.

मग कातरण्याची यंत्रं आली आणि क्रॉपरांची रोजी गेली. विल्टशायरमध्ये १८०२ साली त्यावरून दंगे झाले. एक गिरणी जाळल्याच्या आरोपावरून थॉमस हेलिकर नावाच्या १९ वर्षांच्या उमेदवाराला १८०३ साली फाशी दिलं गेलं. ट्रोब्रिज गावात त्याची कबर आहे. ती कापड कामगारांनी बांधली. पुढे १८१२ मध्ये यॉर्कशायरच्या क्रॉपरांनी रात्री हातोडे घेऊन कातरणयंत्रं फोडली. ‘लडाइट’ हा शब्द आज आपण यंत्राला घाबरणाऱ्या माणसासाठी थट्टेने वापरतो. त्या थट्टेमागे जानेवारी १८१३ मध्ये यॉर्कला झालेल्या १७ फाशी आहेत.

यंत्र मात्र थांबलं नाही. स्ट्राउडजवळच्या ब्रिम्सकम्बच्या जॉन लुईस यांनी १८१५ साली फिरत्या पात्यांच्या कातरणयंत्राचं पेटंट घेतलं. एका रुळावर पिळाच्या आकारात पाती बसवलेली, खाली एक स्थिर पातं. रूळ फिरला की दोन पात्यांमध्ये लव सापडते आणि कात्रीत कापल्यासारखी कापली जाते. गिरण्यांची यंत्रं जुळवणारा एडविन बडिंग नावाचा मेकॅनिक याच परिसरातला. कापडावरची लव आणि जमिनीवरचं गवत यांतलं साम्य त्याच्या लक्षात आलं. ३१ ऑगस्ट १८३० रोजी त्याने गवत कापण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. जॉन फेराबी यांच्या लोखंडी कारखान्यात ते तयार होऊ लागलं. यंत्र १९ इंच रुंदीचं, ढकलायला जड. सद्गृहस्थांनी स्वतः चालवावं, करमणूक होते आणि व्यायामही, अशी त्याची भलामण केली जाई. कापडाच्या गिरणीत ज्याने माणसांची रोजी घेतली, तेच तंत्र बागेत श्रीमंतांचा व्यायाम झालं.

त्याआधी हिरवळ राखायची तर कोयतेवाल्यांची रांग लागे, नाहीतर मेंढ्या. क्रिकेटची पंढरी लॉर्ड्सवरसुद्धा मेंढ्या चारून गवत कमी केलं जाई. बडिंगनंतर यंत्र मोठं होत गेलं. ओढायला घोडे आले. हिरवळीवर खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून घोड्यांच्या पायांत चामड्याचे बूट घालत. आपल्याकडे तेच काम बैलांनी केलं. ताजमहालाच्या हिरवळीवर बैल जुंपलेलं यंत्र अलीकडच्या काळापर्यंत पर्यटकांनी पाहिलं आहे. १९०२ साली इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने पेट्रोलवर चालणारं यंत्र विकायला काढलं.

इथपर्यंत सगळी यंत्रं कात्रीच्या जातीची होती. या जातीला डेक लागत नाही. पातं पात्यावर घासतं, गवत समोरच्या पेटीत पडतं, काम शांतपणे होतं. क्रिकेटच्या खेळपट्टीवर आणि गोल्फच्या मैदानावर आजही हीच जात वापरतात, कारण तिच्याइतकं तलम कापणारी दुसरी नाही. अडचण एवढीच की तिला उंच गवत, काड्या, खडे चालत नाहीत. कापलेलं गवतही चाकांत अडकतं.

या अडकण्यावर विचार करणाऱ्यांत एक नाव मला महत्त्वाचं वाटतं. मॅसॅच्युसेट्समधल्या अगावम गावचे जॉन अल्बर्ट बर हे आफ्रिकन-अमेरिकन संशोधक. ९ मे १८९९ रोजी त्यांना पेटंट मिळालं. आजचं आडव्या पात्याचं यंत्र त्यांनीच शोधलं असं अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं, ते तितकंसं बरोबर नाही. त्यांचं यंत्र कात्रीच्याच जातीचं होतं. त्यांनी केलेली गोष्ट वेगळी होती. गवत अडकू नये म्हणून यंत्राच्या दातेरी चाकांना त्यांनी पूर्ण बंदिस्त आवरण दिलं आणि भिंतीच्या कडेपर्यंत गवत कापता येईल अशी रचना केली. कापण्याइतकंच झाकण्यालाही महत्त्व आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

दुसरी जात आली ती विसाव्या शतकात, छोटी आणि वेगवान इंजिनं मिळू लागल्यावर. आडवं पातं इतक्या जोरात फिरवायचं की गवत वाकायच्या आत तुटलं पाहिजे. खाली दुसरं पातं नाही. कात्रीची जागा विळ्याच्या फटक्याने घेतली. १९३०च्या दशकात इंग्लंडमध्ये ‘रोटोसाइथ’ आलं. १९५२ साली सिडनीत मर्विन व्हिक्टर रिचर्डसन यांनी भंगारातून असंच यंत्र जुळवलं. त्याला पेट्रोलची टाकी म्हणून पीच फळांचा रिकामा डबा लावला होता. त्यातून उभा राहिलेला ‘व्हिक्टा’ हा ब्रँड ऑस्ट्रेलियाला इतका आपला वाटतो, की २००० सालच्या सिडनी ऑलिम्पिकच्या उद्घाटनात तो मिरवला.

इथे आपली परात आली. घरातला मिक्सर आठवा. पातं तेच, पण झाकण नसेल तर चटणी भिंतीवर. आडव्या पात्याचं टोक किती वेगाने फिरावं याला अमेरिकेच्या सुरक्षा मानकात मर्यादा आहे, मिनिटाला १९,००० फूट. हिशेब केला तर तासाला साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. त्या वेगाने खडा लागला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून डेक हे पहिल्यांदा संरक्षण आहे. पण त्याचं दुसरंही काम आहे. पात्याची मागची कड वर वळवलेली असते. ती पंख्यासारखी हवा ओढते, लोळलेलं गवत उभं राहतं आणि मग कापलं जातं. ती हवा कशी फिरणार, कापलेलं गवत बाजूने बाहेर पडणार, मागच्या पिशवीत जाणार की आतच बारीक होऊन जमिनीला खत म्हणून मिळणार, हे सगळं परातीच्या आकारावर ठरतं. पातं अर्धं यंत्र आहे. उरलेलं अर्धं म्हणजे डेक.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गावाबाहेर वसाहती उठल्या. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर उभी राहिलेली लेव्हिटटाऊन ही त्यांतली सर्वांत गाजलेली. तिथल्या नियमांत हंगामात आठवड्याला गवत कापण्याचं बंधन होतं. सुरुवातीच्या करारपत्रांत आणखी एक कलम होतं: गोऱ्या वंशाखेरीज कुणाला राहू द्यायचं नाही. घरकाम करणारे नोकर तेवढे चालतील. म्हणजे बर यांच्यासारख्या माणसाला त्या हिरवळीवर यंत्र चालवता आलं असतं, पण तिथे घर करता आलं नसतं. गवताच्या उंचीचे नियम आणि माणसांच्या रंगाचे नियम हातात हात घालून आले होते.

या अंगणांसाठी बसून चालवायच्या गाड्या घरोघरी गेल्या. १९६३ साली जॉन डीअर कंपनीने आपला ‘११०’ हा बागेचा छोटा ट्रॅक्टर आणला. आता डेक मोठा झाला. दोन-तीन पाती, ४२ इंचांपासून ६० इंच आणि पुढे. एवढी मोठी परात बनवायची कशी? इथे दोन वाटा फुटल्या आणि भाच्याचा प्रश्न उभा राहिला.

पहिली वाट स्टीलचं ताट बनवण्याची. प्रचंड प्रेसखाली एकच पत्रा दाबून आकार काढायचा. याला स्टॅम्प्ड डेक म्हणतात. साचा महाग, पण हजारो नग निघाले की एकेक नग स्वस्त पडतो. कोपरे गोलसर असतात, हवा विनाअडथळा फिरते, ओलं गवत कमी चिकटतं, वजन कमी. दुसरी वाट ट्रॅक्टरची ट्रॉली बनवण्याची. जाड पत्रे कापायचे, वाकवायचे, वेल्डिंगने जोडायचे. हा फॅब्रिकेटेड डेक. तो जड, महाग, कोपऱ्यांत गवत साचू देणारा. पण दगडावर, झाडाच्या बुंध्यावर आदळला तरी सोसणारा आणि मोडला तर पुन्हा जोडता येणारा.

पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि तिथे बरेच जण फसतात. आकडा मोठा तितका पत्रा पातळ. सुतासारखंच. मागावर बसलेल्या कुणालाही विचारा, ऐंशी नंबरचं सूत चाळीस नंबरपेक्षा बारीक. घरगुती गाड्यांचे दाबून काढलेले डेक साधारण १२-१३ गेजचे असतात, म्हणजे अडीच मिलिमीटरच्या आसपास. धंद्यासाठी वापरायचे वेल्डिंगचे डेक ७ ते १० गेजचे, म्हणजे साधारण साडेतीन ते साडेचार मिलिमीटर. मात्र दाबलेला म्हणजे पातळच, हे समीकरण धरू नये. जॉन डीअरचा ‘७-आयर्न’ डेक ७ गेजच्या एकाच जाड पत्र्यातून दाबून काढलेला असतो. बनवण्याची रीत आणि पत्र्याची जाडी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुकानदार ते एकत्र करून सांगतो.

मी भाच्याला तीन गोष्टी विचारल्या. जमीन कशी आहे? दगड, मुळं, उंचवटे असतील तर जाड पत्रा. सपाट अंगण असेल तर दाबलेला पुरे, आणि गवत तोच अधिक चांगलं उचलेल. उंचसखल जागेत फार रुंद डेक घेऊ नये, उंचवट्यावर गवत मुळापासून खरडलं जातं. किती कापणार? आठवड्यातून एकदा स्वतःचं अंगण कापणाऱ्याने दिवसभर दुसऱ्यांची अंगणं कापणाऱ्याचं हत्यार घेण्यात अर्थ नाही. आणि तिसरी, मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट: कापलेलं गवत आणि उडालेला खडा कोणत्या बाजूला जाणार? त्या बाजूला शेजाऱ्याची मुलं खेळतात का? बाजूने गवत फेकणाऱ्या डेकच्या तोंडावर एक झडप असते. गवत तुंबतं म्हणून ती बांधून वर करणारे लोक आहेत. तसं कधीही करू नये. आणि ओलं गवत आत वाळू देऊ नये. पत्रा जाड असो वा पातळ, गंज त्यालाच आधी धरतो.

त्याने दाबलेल्या पत्र्याचा डेक घेतला. त्याच्या सपाट अंगणाला तो पुरेसा होता.

या सगळ्या इतिहासातून मला एक गोष्ट दिसते. कापणं माणसाला लवकर साधतं. अवघड असतं ते पुढचं: कापलेल्याचं काय करायचं. कापडाच्या गिरणीत यंत्राने लव कातरली, तिच्याबरोबर क्रॉपर नावाची माणसंही कातरली गेली. ती कुठे पडली, याचा विचार यंत्र बनवणाऱ्यांनी केला नाही, सरकारने केला तो फासाच्या दोराने. गवताच्या बाबतीत मात्र माणूस हळूहळू शिकला. पेटी लावली, आवरण घातलं, झडप बसवली. १९८२ पासून अमेरिकेत मागून ढकलायच्या आडव्या पात्याच्या घरगुती यंत्रांना नियम आहे की हात सोडताच तीन सेकंदांत पातं थांबलं पाहिजे. बसायच्या आजच्या गाड्यांवरून माणूस उठला की पाती थांबतात.

आपल्या गावांत रोज नवी यंत्रं येत आहेत. यंत्रमाग १९०४ साली इचलकरंजीत आला, तोही कुणाचा तरी हातमाग बाजूला सारूनच. यंत्र येऊ नये, असं मी म्हणणार नाही. घेताना पात्याची धार सगळेच पाहतात. त्यावरची परात किती भक्कम आहे आणि तिचं तोंड कुणाकडे आहे, हेही वाकून पाहावं, एवढंच माझं सांगणं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)