गादी, भाऊबंद आणि प्रेक्षक

शेक्सपिअरची ऐतिहासिक नाटके आज करायला घेतली की दिग्दर्शकाला पहिली धास्ती वाटते नात्यागोत्यांची. त्याच्या नाटकांच्या १६२३ च्या संग्रहात, म्हणजे फोलिओत, अशी दहा नाटके आहेत. त्यांतले हेन्री, रिचर्ड, एडवर्ड एकमेकांचे काका-पुतणे नि चुलतभाऊ, आणि आजच्या इंग्रज प्रेक्षकाचाही त्यांच्यात गोंधळ उडतो. १९६३ मध्ये इंग्रज दिग्दर्शक पीटर हॉल आणि जॉन बार्टन यांनी यांतल्या चार नाटकांची तीन केली, तेव्हा सांधे जुळवायला बार्टननी कित्येक ओळी स्वतः रचल्या.

मराठीत ऑथेल्लो, हॅम्लेट, मॅक्बेथ, लिअर रुळले. इतिहासनाटकांतले हे राजे मात्र मागे राहिले. मला वाटते, त्यांची जागा आपल्याकडे आधीच भरलेली होती. विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ चे. खाडिलकरांनी तर ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ रचताना हॅम्लेट आणि ऑथेल्लो दोन्ही पचवले होते. त्यांच्या ‘भाऊबंदकी’च्या प्रेक्षकाला राघोबादादा नारायणरावाचे कोण, हे सांगावे लागत नव्हते.

छत्तीसगडमधल्या कुम्हारीत, खारून नदीच्या काठी, ते सांगावे लागेल. इथल्या मराठी घरांतली मुले हिंदी-छत्तीसगढीत वाढतात. पण जवळच्याच गनियारीच्या तीजनबाईंची पंडवानी, म्हणजे गाऊन सांगितलेली महाभारतकथा, त्यांना परकी नाही. तिथे तंबुरा घटकेत गदा होतो, घटकेत धनुष्य. रागी, म्हणजे साथीदार, हुंकार देतो, प्रश्न विचारतो आणि कोण कुणाचा ते कथेच्या ओघातच उलगडते. ‘हेन्री पाचवा’मध्ये शेक्सपिअरनेही निवेदक उभा केलाच आहे. रायपूरच्या हबीब तन्वीरांनी ‘नाचा’ या छत्तीसगढी लोकनाट्याच्या कलावंतांना घेऊन शेक्सपिअरची एक सुखात्मिका खेळवली होती. इतिहासनाटकांनाही ही वाट मोकळी आहे.

खरी अडचण मला वेगळीच दिसते. ही नाटके चालू सत्तेविषयी असतात, आणि तो धोका हरवला की उरतो फक्त भरजरी पोशाख. म्हणून नव्या अभ्यासकाने सुरुवात ‘रिचर्ड दुसरा’पासून करावी. राजाला गादीवरून उतरवण्याचा त्यातला प्रवेश १५९७ च्या छापील प्रतीत नाही; तो छापला गेला १६०८ मध्ये, एलिझाबेथ राणी वारल्यावर. १६०१ मध्ये अर्ल ऑफ एसेक्सच्या पाठीराख्यांनी राणीविरुद्धच्या बंडाच्या आदल्याच दिवशी पैसे मोजून राजाच्या पदच्युतीचा खेळ लावला होता. तो हाच असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात.